दिवाळीची सूट लावण्याआधी कंपनीचं किंमतपत्रक बघा

तपकीर गल्लीत आमचं विजेच्या सामानाचं दुकान आहे आणि आता ऑनलाइन स्टोअरही. गेल्या दिवाळीत सगळ्या मालावर एकदम 20 टक्के सूट लावली. एका मिक्सरची एमआरपी 5,000, कंपनीने ठरवलेली किमान जाहिरात किंमत, म्हणजे जाहिरातीत जिच्याखाली जायचं नाही ती, 4,200. पानावर 4,000 झळकले आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या माणसाचा फोन आला: माल थांबवू का?

तेव्हापासून मालाच्या एक्सेल शीटमध्ये एक जादा रकाना ठेवलाय: 'याखाली दाखवायचं नाही'. सरसकट सूट लावताना हा रकाना भरलेला माल आधी वगळते. प्रॉडक्टचं पान सगळेच तपासतात. चूक राहते ती गूगल शॉपिंगला जाणाऱ्या फीडमध्ये (म्हणजे माल आणि किमतींच्या यादीत), व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉगमध्ये आणि जुन्या बॅनरवर. तिथली किंमत हीसुद्धा जाहिरातच.

कंपनीचा हा किमान किमतीचा नियम सहसा जाहिरातीतल्या किमतीपुरता असतो, विक्रीच्या नाही. बऱ्याच कंपन्यांना कार्टमध्ये दिसणारी कमी किंमत चालते, काहींना तीही नाही. म्हणून फोनवर विचारू नका, ईमेलवर लेखी घ्या.

आणि कोणी 'याहून कमीत विकायचंच नाही' म्हणालं, तर मुकाट्याने मान डोलावू नका. पुनर्विक्रीची किंमत बांधून देण्याचा मुद्दा स्पर्धा कायदा, 2002 च्या कलम 3(4) मध्ये येतो, आणि त्याने स्पर्धेला बाधा येत असेल तर असा करार बेकायदा ठरू शकतो. वकिलाला दाखवूनच सही करा.