अमेरिकी नागरिक झालात? भारतातलं व्याज आणि बाबांनी भेट दिलेले पैसे असे दाखवा

नागरिकत्व घेतलं की जगात कुठेही राहा, सगळं उत्पन्न अमेरिकेच्या विवरणात येतं. माझी बँकेतली एफडी भारतातली, तरी तिचं व्याज मी दरवर्षी दाखवते.

खरी मेहनत तारखांची. भारताचं वर्ष एप्रिल ते मार्च, इथलं जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे टीडीएसचं प्रमाणपत्र जसंच्या तसं उतरवू नका. मी पासबुक उघडून जानेवारीपासूनची प्रत्येक व्याजाची नोंद पेन्सिलीने खुणावते, मग बेरीज करते. भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे इथल्या करातून थेट वजा होणारी रक्कम, फॉर्म १११६ वर मागा. पीपीएफचं व्याज तिथे करमुक्त, इथे नाही. यात बरेच जण फसतात.

परदेशी खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अहवाल, वेगळा, ऑनलाइन भरा.

बाबांनी घर विकून पैसे पाठवले, तर त्या भेटीवर तुम्हाला कर नाही. पण वर्षात १,००,००० डॉलरच्या वर रक्कम आली की फॉर्म ३५२० लागतोच. आईबाबांनी वेगवेगळे पाठवले तरी दोघांचं एकत्र मोजा. हा फॉर्म कृपा करून विसरू नका: दंड महिन्याला भेटीच्या रकमेच्या ५ टक्के, २५ टक्क्यांपर्यंत चढतो.