रिकव्हरी मोडमधून मॅकबुकवर जुनी मॅकओएस बसवताना

इंटेल प्रोसेसरच्या मॅकबुकला नवी मॅकओएस, म्हणजे मॅकची कार्यप्रणाली, जड जाऊ लागली, तर मागच्या आवृत्तीकडे वळता येते. मात्र त्यासाठी डिस्क पूर्ण पुसावी लागते, म्हणून फोटो आणि कागदपत्रे आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून त्यांतील दोन-चार फाइल्स उघडून पाहाव्यात. हरवलेला लॅपटॉप शोधून देणारी ‘फाइंड माय’ सुविधाही बंद करावी.

लॅपटॉप बंद करून पॉवरचे बटण दाबताच शिफ्ट, ऑप्शन, कमांड आणि आर या चार कळा एकत्र दाबून धराव्यात व फिरता पृथ्वीगोल दिसला की सोडाव्यात; मग इंटरनेटवरून रिकव्हरी मोड, म्हणजे दुरुस्तीचा व पुन्हा बसवण्याचा मेनू, उघडतो. या कळांनी यंत्रासोबत आलेली किंवा तिच्या जवळची उपलब्ध आवृत्ती मिळते. नुसत्या कमांड-आरने अलीकडचीच आवृत्ती पुन्हा बसते. हे न कळल्याने माझी एक अख्खी रात्र वाया गेली होती.

पुढे त्या मेनूतील डिस्क युटिलिटी या डिस्क हाताळण्याच्या साधनात ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडून सर्वांत वरची अंतर्गत डिस्क पुसावी. २०१७ च्या हाय सिएरापेक्षा जुनी आवृत्ती असेल, तर एपीएफएस या नव्या फॉरमॅटऐवजी ‘मॅक ओएस एक्स्टेंडेड’ हा जुना फॉरमॅट घ्यावा. नंतर ‘रीइन्स्टॉल’ निवडावे.

इन्स्टॉलर इंटरनेटवरून उतरतो आणि कित्येक जीबींचा असतो. परळच्या आमच्या चाळीत पावसात वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, पण राउटर मरतो आणि डाउनलोड अर्ध्यावर अडकते; तेव्हा फोनचा हॉटस्पॉट हाताशी ठेवावा.

अॅपलच्या स्वतःच्या एम-मालिकेच्या चिपवर ही चार कळांची युक्ती चालत नाही. तिथे मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारासारख्या ठिकाणाहून ३२ जीबीचा पेनड्राइव्ह आणून त्यावर इन्स्टॉलर तयार करावा लागतो.