‘ग्रेड ३’ वाचून हातपाय गाळू नका: मेटाप्लास्टिक स्तनकर्करोगात या चुका टाळा

बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड ३’ दिसलं की घरात ‘तिसऱ्या स्टेजला गेलंय’ असं सुरू होतं आणि संध्याकाळपर्यंत लातूरपासून नांदेडपर्यंत सगळ्या पाहुण्यांना कळलेलं असतं. गाठ केवढी, काखेत गेली का, इतरत्र पसरली का, यावरून स्टेज ठरते. ग्रेड मायक्रोस्कोपखाली ठरते: पेशी नळ्यांसारखी रचना किती धरतात, केंद्रकं किती बेढब आहेत, विभाजन किती जोरात चाललंय. प्रत्येकाला १ ते ३ गुण. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६-७ ला ग्रेड २, ८-९ ला ग्रेड ३. लहानशी, काखेत न गेलेली गाठही ग्रेड ३ असू शकते.

मेटाप्लास्टिक प्रकार स्तनाच्या कर्करोगांत जेमतेम १ टक्का. यातल्या पेशी त्वचेसारख्या, लांबट धाग्यांसारख्या, कधी कूर्चा किंवा हाडासारख्या दिसू लागतात. बहुतेक गाठी ट्रिपल निगेटिव्ह असतात, म्हणजे इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही दोन हार्मोन आणि HER2 या तिन्हींच्या तपासण्या निगेटिव्ह येतात. मोबाइलवर नुसतं ‘मेटाप्लास्टिक कर्करोग’ टाकून शोधणं ही दुसरी चूक, कारण या एका नावाखाली दोन टोकं नांदतात. लो-ग्रेड ॲडिनोस्क्वेमस आणि फायब्रोमॅटोसिससारखा, हे दोन उपप्रकार सावकाश वाढतात, दूर क्वचित जातात. तिथं खरी भीती त्याच जागी गाठ परत येण्याची, म्हणून ऑपरेशनमध्ये कडा मोकळ्या निघणं, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेला कर्करोगाच्या पेशी नसणं, सगळ्यात महत्त्वाचं. हाय-ग्रेड गाठ झपाट्यानं वाढते, आणि काख स्वच्छ असली तरी रक्तावाटे फुप्फुसात पोचू शकते. त्यामुळे ‘काखेत काही नाही ना, मग सीटी स्कॅन कशाला?’ हा हिशेब इथं चालत नाही.

फायब्रोमॅटोसिससारखी गाठ इतकी शांत दिसते की सुईच्या बारीक तुकड्यात ती जुना व्रण वाटू शकते. केराटिन आणि पी६३ या पेशींतल्या प्रथिनांची तपासणी केल्यावर ती पकडली जाते. पूर्ण गाठ तपासल्यावर ग्रेड बदलूही शकते. त्यात कुणाचा हलगर्जीपणा असतोच असं नाही.

हलगर्जीपणा होतो तो बाटलीत. तालुक्याला गाठ काढायची, सलाइनमध्ये टाकायची आणि एसटीनं जिल्ह्याला धाडायची! तोवर पेशी सडतात, विभाजनं मोजता येत नाहीत, ग्रेड आहे त्यापेक्षा कमी भरते आणि हार्मोनची तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. गाठ तासाभरात १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये (पेशी टिकवणाऱ्या द्रावणात) हवी, मोठी असेल तर कापून. ऑपरेशनआधीच डॉक्टरांना विचारा. ‘साधी गाठ’ म्हणून फेकून देणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं!

संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय असो, बार्शीचं कर्करोग रुग्णालय असो की मुंबईचं टाटा, नुसता कागद नेऊ नका. मेणाचे ब्लॉक (गाठीचे तुकडे मेणात बसवलेले) आणि स्लाइड लॅबमधून मागून घ्या. आणि मे महिन्यात ते गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं.