ढोल-ताशा पथक आणि पर्यावरण : या चुका टाळा

पथकाच्या बैठकीत पर्यावरणाचा विषय निघाला की चर्चा पाण्याच्या बाटल्यांपासून सुरू होते आणि तिथेच संपते. 20 लिटरचे जार आणि प्रत्येकाची स्वतःची बाटली, एवढ्यावर तो प्रश्न मिटतो. मोठा खर्च कुठे होतो ते बघायचं राहूनच जातं.

समजा, पथकात 100 वादक आहेत. सराव 50 दिवस चालतो आणि प्रत्येक जण एकटा गाडीवरून येतो, येऊन-जाऊन 10 किलोमीटर. झाले 50,000 किलोमीटर! लिटरला 45 चा अ‍ॅव्हरेज धरला तरी 1,100 लिटर पेट्रोल, म्हणजे सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड. मिरवणुकीच्या दिवशी ढोल नेणारे टेम्पो सगळे मिळून 150 किलोमीटर फिरले, तरी डिझेल लागतं 15-20 लिटर. आपण मात्र वाद घालतो तो टेम्पोवरून. म्हणून नावनोंदणीतच कोण कुठल्या भागातून येणार ते विचारा आणि एका गाडीवर दोघं अशा जोड्या लावून द्या. पेट्रोल थेट निम्म्यावर येतं. नव्या मुलांना हात बसेपर्यंत रोज मैदानावर बोलावू नका. घरी जुन्या टायरवरही हात तयार होतो.

दुसरी चूक ढोल वाढवत नेण्याची. ढोल दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल. कानाला तो दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात. टेम्पो, पानं (ढोलाच्या तोंडावर ताणलेले पडदे), गाड्या मात्र दुप्पट होतात. 2024 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यात पथकामागे 30 जणांची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. कोर्टाचं काहीही होवो, एका ठेक्यात बसलेले 40 ढोल विस्कळीत 100 ढोलांपेक्षा भरदार वाजतात, असं मी मनापासून मानतो.

सरावाची जागा वस्तीला चिकटून घेऊ नका. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो, त्यामुळे तक्रार आली तर आधी जागा मागे सरकवा.

फाटलेली फायबरची पानं नदीपात्रात टाकून जाऊ नका, ती कुजत नाहीत. एका पोत्यात साठवा आणि हंगाम संपला की एकदम भंगारात द्या.

मुठेकाठी सराव असेल तर डेक्कन आणि संभाजी उद्यान ही मेट्रो स्थानकं जवळच आहेत. शेवटची गाडी चुकणार नाही अशा बेताने सराव आटोपा.