गॅलोसायनिन आणि क्रोम तुरटी: प्राण्यांच्या ऊतींतील डीएनए-आरएनए रंगवण्याची रीत

विदर्भातल्या खेड्यापाड्यांतील महाविद्यालयांत, जिथे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि नळाला बहुधा बोअरचे क्षारयुक्त पाणी येते, तिथे न्यूक्लिइक आम्ले (डीएनए व आरएनए) रंगवण्यासाठी गॅलोसायनिन हे निळे रंजक व क्रोम तुरटी हा क्रोमियमचा क्षार यांचा रंग सर्वांत भरवशाचा आहे, असे माझे ठाम मत आहे. लारुस आइनारसन यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत रंग एका मर्यादेपर्यंत चढतो आणि थांबतो. त्यामुळे जादा रंग उतरवण्याचे नाजूक काम उरत नाही.

खरी काळजी ऊती घेतानाच घ्यावी लागते. बाजाराच्या दिवशी खाटकाकडून बकऱ्याचे यकृत व मज्जारज्जू घ्यायचे असतील, तर दहा टक्के बफरयुक्त फॉर्मॅलिन सोबत न्यावे आणि तीन-चार मिलिमीटर जाडीचे तुकडे तिथेच त्यात सोडावेत, कारण वैशाखाच्या उन्हात पेशींतील विकरे आरएनए झपाट्याने तोडतात.

पाच टक्के क्रोम तुरटीच्या १०० मिली द्रावणात ०.१५ ग्रॅम गॅलोसायनिन घालून मंद आचेवर पाच ते दहा मिनिटे उकळावे. थंड झाल्यावर गाळावे आणि ऊर्ध्वपातित पाणी घालून पुन्हा १०० मिली करावे. क्रोमियम जोडले गेलेला रंजक धनभारित असतो व न्यूक्लिइक आम्लांच्या फॉस्फेट गटांना धरून बसतो. पीएच सुमारे १.६ असल्याने प्रथिनांचे कार्बोक्सिल गट भारहीन राहतात आणि पार्श्वभूमी स्वच्छ दिसते.

फॉर्मॅलिनमधले तुकडे मेणात बसवून त्यांचे पातळ काप घ्यावेत; मेण काढलेले हे काप या रंगात २४ ते ४८ तास ठेवावेत, ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावेत, अल्कोहोल व झायलीनमधून नेऊन डीपीएक्समध्ये (काचपट्टीवर काप कायम बसवणाऱ्या चिकट द्रव्यात) बसवावेत. मज्जारज्जूच्या मोठ्या चेतापेशींत केंद्रकी (केंद्रकातील आरएनएयुक्त गोळी) आणि केंद्रकाभोवतीचे निस्सल कण (पेशीद्रवातील आरएनएयुक्त कण) गडद निळे दिसले, म्हणजे काम साधले.

मात्र निळे दिसले ते सारे न्यूक्लिइक आम्लच, असे मानू नये. कूर्चेतील सल्फेटयुक्त द्रव्येही हा रंग घेतात. म्हणून शेजारचा एक काप रंगवण्यापूर्वी रायबोन्यूक्लिएज या आरएनए तोडणाऱ्या विकराच्या बफरमधील द्रावणात आणि दुसरा विकराविना त्याच बफरमध्ये, दोन्ही ३७ अंशांवर तासभर ठेवावेत. पहिल्यात जो निळेपणा नाहीसा होतो आणि दुसऱ्यात टिकतो, तोच आरएनएचा. ही तुलना नसलेला निष्कर्ष मी प्रयोगवहीत मान्य करत नाही.

वापरलेले द्रावण मोरीत ओतू नये. त्यात क्रोमियम असते आणि आपल्याकडे मोरीचे पाणी बरेचदा परसातल्या झाडांना जाते. ते चिठ्ठी लावलेल्या कॅनमध्ये साठवून रासायनिक कचऱ्यात द्यावे.