रोमा मुलं वर्गात आहेत? निदान या चुका टाळा

उत्तर इंग्लंडमधल्या एका प्राथमिक शाळेत मी टीचिंग असिस्टंट आहे. 2004 साली चेक आणि स्लोव्हाक देश युरोपीय संघात आले, त्यानंतर शेफिल्ड-ब्रॅडफर्डकडे पुष्कळ रोमा कुटुंबं येऊन राहिली. रोमा म्हणजे मूळचा भारतातून युरोपात गेलेला समाज. तरीही दर सप्टेंबरला, शाळेचं वर्ष सुरू होताना, तीच चूक: मूल स्लोव्हाकियाचं, म्हणजे भाषा स्लोव्हाक!

मीही केलीय ती. सात वर्षांचा मुलगा होता. स्लोव्हाक दुभाषी बाईंना बोलावून चाचणी घेतली. पोरगं गप्प. कागदावर 'आकलन कमी' असं लागलं, खाली माझीही सही. आई प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती, आम्ही त्याला संमती समजलो. तीन आठवड्यांनी नळापाशी तो बहिणीला म्हणाला, "पानी." मी जागीच थांबले. बोटं पुढे केली, तर तो मोजायलाच लागला: येख, दुय, त्रिन, श्तार, पांज. वीसपर्यंत. माझे उच्चार चुकले तसा हसलासुद्धा. घरची भाषा रोमानी, स्लोव्हाक दुसरी, इंग्रजी तिसरी. शिक्का मारायला वीस मिनिटं लागली होती, पुसायला दोन सत्रं.

आईच्या गप्प राहण्यामागेही इतिहास आहे. चेकमधल्या ओस्ट्राव्हाच्या 18 रोमा मुलांना मंदमतींच्या 'विशेष' शाळांत टाकलं होतं. 2007 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं तो भेदभाव ठरवला. अशा शाळांत शिकलेले कितीतरी जण आज पालक आहेत.

आता मी पहिले तीन आठवडे चाचणीचा कागद काढतच नाही. आजीशी कुठल्या भाषेत बोलता, एवढं विचारते. ज्यांना पहिल्याच आठवड्यात आकडे हवेत, त्यांनी खुशाल दुकान टाकावं.

उलटी चूक खास आपल्या लोकांची. 'पानी' ऐकलं की "अरे, तुम्ही तर आमचेच!" म्हणत गळ्यात पडायचं. पूर्वज भारतातून निघाल्याला हजारेक वर्षं झाली. आईला त्या दिवशी मुलाची वही बघायची असते.

चार वर्षांचं मूल रिसेप्शनला, म्हणजे इथल्या पहिलीआधीच्या वर्गाला, येत नाही म्हणून लगेच कडक पत्र पाठवू नका. कायद्यानं सक्ती पाच वर्षांनंतरची, आणि स्लोव्हाकियात पहिलीच मुळी सहाव्या वर्षी. एवढ्याशा पोराला शाळेत लोटणं तिथल्या आजीला निर्दयपणा वाटतो. मी पत्र लिहीत नाही, सुटायच्या वेळी फाटकात उभी राहते.

फॉर्मवरचा 'रोमा' रकाना कोरा आला तर तुम्ही खूण करू नका. नाझींनी अशाच याद्या केल्या होत्या. ऑशविट्झची मृत्युछावणी त्या घरांत अजून आठवते.

मुलाला दुभाषी करून त्याच्याच तक्रारी आईला सांगायला लावू नका.

आणि जूनमध्ये, म्हणजे जिप्सी-रोमा-ट्रॅव्हलर इतिहास महिन्यात, भिंतीवर घोडागाडीचं चित्र नको. स्लोव्हाकियातले बहुतेक रोमा पिढ्यान्‌पिढ्या घरांत राहतात. आमच्याकडे लावलं होतं. तोच मुलगा बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "मिस, हे कोण लोक?"