छापील माल आयात करताना कस्टम्सचा एचएस कोड कसा ठरवावा

इनव्हॉइसवर पुरवठादाराने नुसतं ‘प्रिंटेड मटेरियल’ लिहिलेलं असतं आणि न्हावा शेवा बंदराला कंटेनर लागल्यावर एचएस कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा कस्टम्सचा क्रमांक, शोधायची धावपळ सुरू होते. कोड ऑर्डर देण्याआधीच ठरवा. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १७ नुसार शुल्काचं स्वमूल्यांकन आयातदाराने करायचं असतं. कस्टम ब्रोकर मदत करेल, पण बिल ऑफ एंट्रीतली (कस्टम्सला द्यायच्या आयातीच्या घोषणापत्रातली) चूक शेवटी तुमच्याच अंगावर येते.

आधी नमुना मागवून घ्या आणि एकच प्रश्न विचारा: घेणारा हे वाचणार आहे की यात लिहिणार आहे? छापलेला मजकूर किंवा चित्रं हाच वस्तूचा मुख्य उपयोग असेल तर प्रकरण ४९ (कोडचे पहिले दोन अंक म्हणजे प्रकरण). छपाई नुसती जोडीला असेल तर प्रकरण ४८. म्हणून डायरीच्या प्रत्येक पानावर सुविचार असले तरी ती ४८२० मध्येच जाते, वह्या आणि पावतीपुस्तकंही तिथेच. कॅलेंडर मात्र ४९१० मध्ये.

सगळ्यात जास्त गोंधळ शाळेच्या मालात होतो. अक्षरं गिरवायची सुलेखनाची वही दुकानात कार्यपुस्तिकेशेजारीच असते, पण कोड वेगळे. नमुन्याची अक्षरं आणि खाली रिकाम्या ओळी असतील तर ती वहीच, ४८२०. प्रश्न, उदाहरणं आणि उत्तरासाठी सोडलेली जागा असेल तर ते पुस्तक, ४९०१. कागदी लेबलं कितीही रंगीत छापलेली असोत, ती ४८२१ मध्येच राहतात.

प्रकरण ४९ नक्की झालं की शीर्षकांवर, म्हणजे चार अंकी कोडवर, उडी मारू नका, आधी प्रकरणाच्या सुरुवातीच्या टिपा वाचा. निम्मी उत्तरं तिथेच मिळतात. जाहिरातीसाठीच काढलेलं प्रकाशन ४९०१ मध्ये बसत नाही. टाइल्सच्या कंपनीचा कॅटलॉग आर्ट पेपरवर छापून पक्क्या बांधणीत आला तरी तो ४९११. पर्यटनाची प्रचारपत्रकंही तिथेच. उलट, मासिकाचे अनेक अंक एकत्र बांधून आले तर ते ४९०२ सोडून ४९०१ मध्ये येतात.

मुलांच्या पुस्तकांसाठी मी एक कसोटी लावते: चित्रं हाताने झाकून पाहा. गोष्ट तरीही उभी राहत असेल तर ४९०१. उरलेल्या दोन-चार ओळींना अर्थच राहत नसेल तर ४९०३. रंगवायची पुस्तकंही ४९०३ मध्येच. पुस्तकासोबत खेळणं असेल तर त्या संचाला मुख्य स्वरूप कशामुळे येतं ते पाहावं लागतं, आणि उत्तर खेळणं आलं तर कोड ९५०३.

पत्ते (९५०४), जिगसॉ (९५०३), वापरलेली टपाल तिकिटं (९७०४) आणि उठावाचे नकाशे (९०२३) प्रकरण ४९ मध्ये येतच नाहीत.

कोडचे पहिले सहा अंक जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या पद्धतीतले, म्हणून ते सगळीकडे सारखे. शेवटचे दोन भारताचे. पुरवठादाराने दिलेला लांबलचक कोड जसाच्या तसा उतरवू नका. मग दर बघा. छापील पुस्तकांवर २०१९ च्या जुलैतल्या अर्थसंकल्पाने ५ टक्के मूलभूत सीमाशुल्क लावलं, आधी ते शून्य होतं. पुस्तकांना जीएसटी माफ असल्याने आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) लागत नाही, पण जाहिरातीच्या कॅटलॉगला लागतो. तोच कॅटलॉग पुस्तक म्हणून दाखवला तर कस्टम्स फरकाची मागणी करणारच. दर बदलत राहतात, त्यामुळे माल निघण्याआधी चालू अधिसूचना तपासा.

पुस्तकात किंवा पृथ्वीगोलावर भारताचा नकाशा असेल तर सीमा बरोबर दाखवल्यात का, हे नमुन्यातच पाहून घ्या. चुकीच्या सीमेवरून माल अडकतो, तिथे कोड बरोबर असून उपयोग नाही.

आता इनव्हॉइसचं वर्णन दुरुस्त करून मागा. ‘बुक्स’ पुरेसं नाही. ‘मुलांचं चित्रपुस्तक, जाड पुठ्ठ्याची पानं, २४ पृष्ठं, ऑफसेट छपाई’ असं लिहिलेलं असलं की अधिकाऱ्याला खोका न उघडताही माल कळतो. पॅकिंग लिस्टवर हेच शब्द हवेत. एकाच खोक्यात डायऱ्या आणि पुस्तकं असतील तर दोन वेगळ्या ओळी, दोन वेगळे कोड.

तरीही शंका उरली आणि माल वारंवार येणार असेल, तर मुंबईतल्या सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे, म्हणजे आयातीआधीच कोडसारख्या प्रश्नावर निर्णय देणाऱ्या संस्थेकडे, अर्ज करता येतो. कायदा किंवा परिस्थिती बदलली नाही, तर त्यांचा निर्णय ठरावीक वर्षं चालतो.